घोड्याचे दात आणि चित्रातला पांढरा रंग

समजा, बडोद्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावरून एक तैलचित्र खाली आलं. शर्यतीचे धावते घोडे, कोपऱ्यात सही आणि सहीखाली साल, 1860. गिऱ्हाईक मोठी रक्कम मोजायला तयार आहे, फक्त हे साल खरं आहे का तेवढं त्याला सांगा.

आमच्या गावाला घोडा आणि चित्र दोन्ही जवळची. महाराज प्रतापसिंहरावांनी 1945 साली इंग्लंडात 28,000 गिनी (जुनं इंग्रजी चलन) मोजून वर्षाचं एक शिंगरू घेतलं आणि त्याला आजोबांचं, सयाजीरावांचं नाव दिलं. 1947 मध्ये त्या घोड्याने सेंट लेजर ही मानाची शर्यत जिंकली. आणि लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये राजा रवि वर्मांची चित्रं आहेत. या दोन्ही जगांतली फसवणूक बरेचदा वयाची असते.

1844 साली इंग्लंडातल्या इप्सम डर्बीत ‘रनिंग रेन’ नावाचा घोडा पहिला आला. डर्बी ही तीन वर्षांच्या घोड्यांची शर्यत. पण रनिंग रेन म्हणून धावलेला घोडा खरा होता ‘मॅकाबियस’, चार वर्षांचा! प्रकरण कोर्टात गेलं. घोडा हजर करा, असं न्यायाधीशांनी बजावलं, तर घोडाच गायब. शेवटी दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोला विजेता ठरवलं.

घोडा समोर हवा होता तो दातांसाठी. घोड्याच्या पटाशीच्या दातांपैकी मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी दुधाचे दात टाकून पक्की होते, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनी आणि कडेची साडेचार वर्षांनी. बैलबाजारात दोनदाती, चारदाती म्हणतात, तोच हिशोब. कागदपत्रं हवी तशी लिहिता येतात, पण जबड्यातले दात त्यांच्या वेळेलाच येतात.

चित्राला दात नसतात, पण रंग असतात आणि प्रत्येक रंगाला जन्मसाल असतं. पांढराच घ्या. जुने चित्रकार शिशापासून केलेला पांढरा वापरत. एकोणिसाव्या शतकात जस्ताचा आला. टायटॅनियमचा बाजारात आला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. रवि वर्मा 1906 मध्ये वारले. म्हणजे त्यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्राच्या मूळ थरात टायटॅनियमचा पांढरा सापडला, तर ते चित्र त्यांच्या हातचं नाही. जर्मनीतल्या वोल्फगांग बेल्ट्राकीची बनावट चित्रं याच रंगामुळे उघडी पडली. 1914 सालचं म्हणून विकलेल्या चित्रात टायटॅनियम निघालं आणि 2011 मध्ये त्याला शिक्षा झाली.

तपासणी कशी होते, हे मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. चित्रावर क्ष-किरण सोडले की रंगातलं प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत देतं. शिसं, जस्त, टायटॅनियम, सगळी आपापली ओळख सांगतात, आणि चित्राला ओरखडाही पडत नाही. अडचण एवढीच, की सगळ्या थरांचे संकेत एकत्र येतात. पन्नास वर्षांपूर्वी कुणी डागडुजी करताना नवा पांढरा लावला असेल, तर अस्सल चित्रावरही संशय येईल. म्हणून टाचणीच्या डोक्याहून लहान कण काढून त्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रंगांचे थर तिथे एकावर एक दिसतात, आणि टायटॅनियम वरच्या थरात आहे की तळाशी, ते कळतं. फक्त कॅनव्हास जुना असणं हा पुरावा नव्हे. जुनं, बिनकिमतीचं चित्र खरवडून त्यावर नवं काढणं ही बनावट चित्रं करणाऱ्यांची नेहमीची युक्ती आहे. अशा वेळी क्ष-किरणांनी काढलेल्या फोटोत खालच्या जुन्या चित्राच्या खुणा दिसू शकतात.

आता माळ्यावरचं चित्र पुन्हा पाहू. प्रयोगशाळेत नेण्याआधी घोड्यांचे पाय बघा. भरधाव घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत झेपावतो, असं युरोपातले चित्रकार वर्षानुवर्षं काढत होते. फ्रेंच चित्रकार जेरिकोने 1821 मध्ये रंगवलेली इप्समची डर्बी तशीच आहे. मग 1878 मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात धावपट्टीच्या कडेने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोडीचे फोटो घेतले. चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात खरे, पण ताणलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. नुसत्या डोळ्यांना हा क्षण पकडता येत नव्हता.

आणि आपल्या चित्रात, 1860 या सालाच्या वर, घोड्याचे चारही पाय पोटाखाली गोळा झालेले आहेत.