एक पेग मारला की थंडी पळते?

डिसेंबर उजाडला की ठाण्यातल्या बाइकवाल्यांत हा सल्ला फिरायला लागतो: पहाटे माजिवड्याहून नाशिककडे निघताना थोडी रम घ्या, कसारा घाटात गारठा लागणार नाही.

ऊब वाटते, हे खरं. पण ती उसनी. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त वर येतं, चेहरा तापतो आणि तीच उष्णता वारा पळवून नेतो. वर कुडकुडणंही कमी होतं, म्हणजे शरीराची स्वतःची शेगडीच मंदावते. १० अंश तापमानात ताशी ८० च्या वेगाने उघड्या कातडीला गारवा जाणवतो तो ४-५ अंशांचा. अशात बधिर बोटं ब्रेकवर! शिवाय १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

खरा वैरी वारा. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालणाऱ्या जुन्या मंडळींना आपण हसतो. युक्ती मात्र त्यांचीच चोख. स्वेटरवर विंडचीटर, जाड हातमोजे आणि शहापूरला थांबून गरम चहा. बोटं वळेनाशी झाली, तर घाटाआधी पुन्हा थांबा.