पॅनच्या बुडाची खरवड

आमच्या घरी बासुंदी झाली की पातेल्याच्या बुडाची खरवड कुणी खायची यावरून भावंडांत भांडण ठरलेलं असायचं. तांबूस, चिवट, गोडसर अशा त्या थराला बासुंदीपेक्षा जास्त भाव होता. मोठेपणी आम्हीच मांस परतायला लागलो, तेव्हा पॅनच्या बुडाला चिकटलेला तसाच थर "करपलं" म्हणून घासणीने काढून टाकू लागलो. त्या थरात काय असतं हे कळल्यापासून ते पाणी मोरीत जाताना बघवत नाही.

भुसावळ हे रेल्वेचं गाव. इंग्रजांच्या काळापासून इथल्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती कुटुंबं राहत आली. खानदेशात डुकराचं मांस घरोघरी शिजत नाही, पण आमच्या शेजारच्या आंटींकडे नाताळात पोर्क चॉप हमखास असत. चॉप म्हणजे पाठीच्या लांब स्नायूचा, बरगडीच्या हाडासकट घेतलेला आडवा काप. चॉप बाहेर काढले की त्याच पॅनमध्ये त्या कांदा, पिकलेलं केळं आणि चिंचेचा कोळ घालायच्या आणि लाकडी उलथण्याने बूड खरवडायच्या. दोन मिनिटांत दाट, आंबटगोड रस तयार. तेव्हा मी फक्त जेवलो. त्यातलं रसायन पुढे कळलं.

मांसाचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि काही शर्करा यांची अभिक्रिया झपाट्याने होऊ लागते. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती मायार अभिक्रिया. तिच्यातून तपकिरी रंग आणि शेकडो गंधद्रव्यं तयार होतात. खानदेशी काळ्या रश्श्यासाठी कांदा आणि सुकं खोबरं आपण काळपट होईस्तोवर भाजतो, त्या वासामागेही बऱ्याच अंशी हीच अभिक्रिया आहे. डुकराच्या मांसात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, इतर मांसांपेक्षा बरंच जास्त असतं. तापल्यावर त्याचं विघटन होतं आणि गंधकयुक्त रेणू बनतात. "मांसाचा वास" म्हणून आपण जो ओळखतो, त्यात या रेणूंचा मोठा वाटा असतो.

अडचण पाण्याची आहे. स्नायूत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं, आणि पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचं तापमान शंभराच्या पुढे सरकत नाही. शून्य अंशावरचं पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. ओला चॉप पॅनवर टाकलात तर आच सगळी वाफ करण्यातच खर्च होते, आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. म्हणून पाव किलोला अर्धा चमचा या हिशोबाने मीठ चोळून चॉप फ्रिजमध्ये उघडेच ठेवावेत, निदान तासभर, रात्रभर ठेवले तर उत्तमच. मीठ आधी पाणी बाहेर खेचतं, मग ते खारं पाणी पुन्हा आत मुरतं. आतली प्रथिनं मिठाने सैलावतात आणि शिजतानाही पाणी धरून ठेवतात. वरची बाजू मात्र फ्रिजच्या हवेत सुकते. बाहेरच्या पाककृतींमध्ये मांस "खोलीच्या तापमानाला" आणायला सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचं तापमान चाळिशीला टेकतं. तो सल्ला आपल्यासाठी नाही, थेट फ्रिजमधून काढून, पुसून पॅनवर घालावं.

पॅन पुरेसा तापला का, ते पाण्याचा थेंब सांगतो. बेताच्या गरम पॅनवर थेंब चर्रकन आटतो. पॅन दोनशे अंशांच्या आसपास गेला की तोच थेंब मोत्यासारखा गोल होऊन इकडेतिकडे पळतो, कारण त्याच्याच वाफेची गादी त्याला वर उचलून धरते. जर्मन डॉक्टर लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये याचं वर्णन केलं. थेंब पळू लागला की तेल घालावं आणि लगेच चॉप ठेवावेत.

मांस आधी कडक आचेवर परतलं की "रस आत बंद होतो", असं खूप जण सांगतात. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ही कल्पना लोकप्रिय केली, पण ती चुकीची आहे. परतलेल्या चॉपमधून नंतरही रस गळतच राहतो, चर्र आवाज चालू असतो तो त्याचाच. परतायचं ते चवीसाठी आणि खरवडीसाठी.

मांस किती शिजवायचं यावर जरा थांबायला हवं, कारण इथे प्रश्न चवीपुरता नाही. स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन ५० अंशांच्या आसपास आकसू लागतं, तर अ‍ॅक्टिन ६५ च्या पुढे. अ‍ॅक्टिन आकसलं की पाणी पिळल्यासारखं बाहेर येतं आणि चॉप कोरडा होतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली सबंध कापांसाठी ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा एवढं पुरेसं ठरवलं. माझं मत असं की आपल्याकडे ७१ अंशांपर्यंत जावं. मोकाट फिरणाऱ्या डुकरांच्या पोटात माणसाची विष्ठा जाते आणि तिच्यातून पट्टकृमीची अंडी जातात. मग त्यांच्या स्नायूंत साबुदाण्याएवढ्या गाठी धरतात. असं मांस कच्चं राहिलं तर खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात तो आजार मात्र मांस खाऊन होत नाही. तो कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो, म्हणजे कृमी झालेल्या माणसाचे न धुतलेले हात, दूषित पाणी, किंवा सांडपाण्यावर वाढलेली आणि नीट न धुतलेली कच्ची भाजी यांतून. त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसालाही तो होऊ शकतो. मांस खात्रीच्या, खाद्यावर वाढवलेल्या डुकरांचं घ्यावं आणि नीट शिजवावं. रंगावर विसंबू नये, टोचायचा थर्मामीटर घ्यावा. ६७-६८ अंशांना चॉप ताटलीत काढून झाकले की आतली उष्णता पसरून तापमान आणखी तीन-चार अंश चढतं. ७१ दिसेपर्यंत थांबावं, नाही दिसलं तर परत पॅनवर.

आता पॅनमधल्या खरवडीकडे वळू. मांसातून गळलेला रस आटून त्यातली प्रथिनं, क्षार आणि मायारचे तपकिरी पदार्थ बुडाला घट्ट बसलेले असतात. यातला बराच भाग तेलात सुटत नाही, पाण्यात सुटतो. म्हणून जास्तीची चरबी काढून घ्यावी, चमचाभर ठेवावी, आणि मग पातळ काहीतरी घालावं.

पण आंबट आधी घालायचं नाही. आम्लात मायार अभिक्रिया मंदावते, कारण अमिनो आम्लांचा जो टोकाचा गट शर्करेशी जोडला जायचा, तोच आम्लामुळे अडकून पडतो. आधी आच मंद करून बारीक चिरलेला कांदा परतावा, मग कुस्करलेलं अर्धं केळं. रावेर, यावल, चोपडा या तापीकाठच्या तालुक्यांच्या केळीला, म्हणजे जळगाव केळीला, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि या कामाला ती फार चांगली आहे. कच्च्या केळ्याच्या गरात सुमारे वीस टक्के स्टार्च असतो. पिकताना विकरं त्याची साखर करतात आणि शेवटी स्टार्च जेमतेम एक-दोन टक्के उरतो. त्या साखरेत फ्रुक्टोज असतं, आणि ते ११० अंशांच्या आसपासच तांबूस व्हायला लागतं, ग्लुकोजपेक्षा कितीतरी आधी. पहिल्यांदा मी केळं मोठ्या आचेवर टाकलं आणि अर्ध्या मिनिटात ते कडू झालं. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं घ्यावं आणि ते पॅनमध्ये गेल्यावर हात थांबवू नये.

केळ्यात आंबटपणा जवळजवळ नाहीच, त्याचा सामू, म्हणजे आंबटपणा मोजणारा पीएच, पाचच्या घरात असतो. नुसत्या केळ्याचा रस म्हणूनच बसका लागतो. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असतं, तिच्या कोळाने चव उभी राहते आणि चरबीने जड झालेली जीभ मोकळी होते. अर्धी वाटी कोळ ओतला की तापलेला पॅन एकदम शंभर अंशांवर उतरतो. बुडबुडे खरवडीखाली शिरतात आणि ती सोलून निघते, उरलेलं उलथण्याने. बिडाचा तवा चॉपला छान, पण चिंच त्याचं तेलाचं कवच खाते आणि रसाला लोखंडाची चव देते. नॉनस्टिकवर खरवड धरतच नाही. जाड बुडाचं स्टीलचं पॅन घ्यावं.

रस आटताना केळ्यातलं पेक्टिन तो दाट करतं. झाकलेल्या चॉपने ७१ अंश गाठले की त्याखाली ताटलीत जमलेलं पाणी रसात ओतावं, त्यातली विरघळलेली प्रथिनं आणखी अंग देतात. चिमूटभर नंदुरबारच्या लाल मिरचीची पूड घालावी. केळ्याचा खास वास ज्या एस्टरमुळे येतो ते वाफेबरोबर उडून जातं, म्हणून केळ्याचे दोन-चार ताजे काप आच बंद केल्यावर मिसळावेत.

ज्यांना पोर्क चालत नाही त्यांनी बोकडाची चाप घ्यावी. रसाची कृती तीच, फक्त बोकडाची चरबी डुकराच्या चरबीपेक्षा जास्त तापमानाला वितळते, त्यामुळे रस ताटात लवकर थिजतो. थंडीत तर भाकरी मोडून होईपर्यंतच वर पांढरी साय धरते. ताट आधी गरम करून घ्यावं. त्याच दिवसांत जळगावच्या बाजारात मेहरूणची बोरं येतात. केळ्याऐवजी बिया काढलेली मूठभर बोरं घातली तर चिंच निम्मी पुरते.