सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका प्रशिक्षण, कोल्हापूर

गरोदर मातेची तपासणी, साधी प्रसूती, नवजात बालकाची काळजी, लसीकरण आणि गावपातळीवरची प्राथमिक शुश्रूषा यांसाठी स्त्रियांना दिले जाणारे दोन वर्षांचे प्रशिक्षण. व्यवहारात ते ‘एएनएम’ या नावाने ओळखले जाते. प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची बारावी आणि किमान १७ वर्षे वय लागते. पहिले १८ महिने वर्ग व रुग्णालय, शेवटचे सहा महिने आंतरवासिता (इंटर्नशिप), अशी त्याची विभागणी आहे. परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. तीन वर्षांचा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसाविका) अभ्यासक्रम याहून वेगळा.

संज्ञा व उगम : अमेरिकेतील ‘प्रॅक्टिकल नर्स’ (डॉक्टर व नोंदणीकृत परिचारिकेच्या हाताखाली मूलभूत शुश्रूषा करणारी) या परवानाधारक वर्गाला भारतात तंतोतंत समांतर पद नाही. कामाची पातळी पाहता एएनएम त्याच्या सर्वांत जवळ येते. मात्र प्रसूती हा एएनएमच्या कामाचा गाभा आहे, तिकडे तसे नाही. उगमाबाबत दोन मते आढळतात. एक मत हा धागा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमृतसर येथे मिशनरी स्त्रियांनी सुरू केलेल्या दाई-प्रशिक्षणापर्यंत नेते. दुसरे मत १९५१ साली पंजाबातील तरन तारन येथील सेंट मेरी रुग्णालयात सुरू झालेल्या दोन वर्षांच्या वर्गाला आरंभ मानते. दाई-प्रशिक्षणाला ठरावीक अभ्यासक्रम व परिषदेची नोंदणी नव्हती, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रसूतिविषयक भागावर जुन्या दाई-वर्गांची छाप आहे, हे मात्र मान्य करावे लागते. कर्तारसिंग समितीने (१९७३) या परिचारिकेला बहुउद्देशीय आरोग्यसेविका ठरवले. त्यानंतर, साधारण १९७७ पासून, प्रशिक्षण १८ महिन्यांवर आले आणि पात्रता दहावी झाली. बारावी व दोन वर्षे ही आजची रचना २०१०च्या दशकातील आहे.

कोल्हापूर : येथील स्त्रीवैद्यकाची परंपरा या प्रशिक्षणाहून बरीच जुनी. चार्ल्स मँट याच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीकक्षासाठी १८८६ मध्ये संस्थानाने डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली होती. रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्यांचे निधन झाले. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी तेथे दीर्घकाळ काम केले. हेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, अर्थात ‘सीपीआर’, आहे.

कौशल्यशिक्षण : विद्यार्थिनी वॉर्डात जाण्याआधी प्रात्यक्षिक खोलीत हात बसवतात. रक्तदाबाचेच घ्या. माता पाच मिनिटे स्वस्थ बसलेली, हात हृदयाच्या पातळीत टेकवलेला, पट्टा कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. मनगटाची नाडी लागेनाशी झाल्यावर आणखी ३० मि.मी. पाऱ्याच्या दाबाइतकी हवा भरायची आणि सेकंदाला दोन-तीन मि.मी. या वेगाने सोडायची. हवा भराभर सोडली की वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त येतो. अरुंद पट्टा जाड दंडावर बांधला तर दाब खोटा वाढलेला दिसतो. शेवटचा अंक शून्यावर किंवा पाचवर ‘बसवण्याची’ सवय ट्यूटरने पहिल्याच आठवड्यात मोडावी, पुढे ती जात नाही.

प्रसूतिकक्ष : गर्भाशयमुख चार सेंमी. उघडल्यावर पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीची प्रगती दाखवणारा आलेख, सुरू होतो. बाळाचे ठोके व कळा दर अर्ध्या तासाने, आतील तपासणी दर चार तासांनी नोंदवतात. आलेख इशारारेषेच्या उजवीकडे सरकला की मातेला वरच्या रुग्णालयात हलवण्याची तयारी करायची. सर्वांत मोठा दोष म्हणजे प्रसूतीनंतर आठवून भरलेला आलेख. तो नेहमी देखणा, सरळ रेषेत असतो आणि त्याचा मातेला काडीचाही उपयोग झालेला नसतो.

बाळ बाहेर येताच पोटावरून चाचपून दुसरे बाळ नसल्याची खात्री करतात आणि एका मिनिटाच्या आत, रक्तस्राव रोखण्यासाठी, ऑक्सिटोसिनची (गर्भाशय आकुंचित करणारे औषध) १० युनिटे स्नायूत देतात. पाच युनिटांच्या अँप्युल असतील तर दोन लागतात. एकच फोडून थांबणे ही हमखास होणारी चूक. कळा वाढवण्यासाठी हेच इंजेक्शन बाळंतपणाआधी स्नायूत देणे घातक आहे: गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरू शकते.

लसीकरण : लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढून थेट लस नेण्याच्या कॅरिअरमध्ये भरले तर पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) गोठून निकामी होते. म्हणून पॅक हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवतात. बीसीजी (क्षयरोगावरची लस) डाव्या दंडावर कातडीच्या थरात, महिन्याच्या आतील बाळाला ०.०५ मि.लि., त्यानंतर ०.१ मि.लि. टोचल्या जागी फोड उठला नाही तर सुई खोल गेली असे समजावे. विरघळवलेली बीसीजी व गोवर-रुबेला लस चार तासांनंतर टाकूनच द्यावी. उरलेल्या कुपीत जंतू वाढतात आणि पुढच्या बाळाच्या जिवावर बेतते. टोचल्यावर बाळाला अर्धा तास केंद्रातच थांबवतात.

क्षेत्रकार्य : उपकेंद्राचे प्रमाण सपाटीवर ५,००० व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडे दुसरा निकष महत्त्वाचा ठरतो. गाळप हंगामात ऊसतोड कुटुंबांच्या खोपटांवरची भेट हा इथला खास धडा मानावा. माता-बाल संरक्षण कार्ड बहुधा गावी राहिलेले असते. ‘लस दिली का?’ या प्रश्नाला ‘हो’च उत्तर येते. त्याऐवजी ‘मांडीत टोचलं की दंडात? किती येळा?’ असे विचारावे, डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण पाहावा. मधे खंड पडला तरी पेंटाव्हॅलंटची मालिका पहिल्यापासून सुरू करत नाहीत, राहिलेले डोस किमान चार आठवड्यांच्या अंतराने पुरे करतात. नवे कार्ड करून आईच्या हाती द्यावे, मुकादमाच्या नव्हे. टोळी परतते तेव्हा मुकादमाकडचे कार्ड मागेच राहते.

केस बुक व नोंदणी : प्रत्येक तपासणी व प्रसूती केस बुकात लिहून पर्यवेक्षिकेची सही घ्यावी लागते. एका प्रसूतिकक्षात मुली जास्त आणि बाळंतपणे कमी असली की एकाच प्रसूतीची नोंद दोघी-तिघींच्या वहीत जाते. बघितलेली आणि स्वतः केलेली प्रसूती यांतला फरक पुढे उपकेंद्रात रात्री एकटीने उभे राहावे लागते तेव्हा उघडा पडतो. म्हणून रात्रपाळीचे पोस्टिंग टाळू नये. सहा महिन्यांचे वा वर्षाचे ‘प्रॅक्टिकल नर्सिंग’ प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गांनी परिषदेची नोंदणी मिळत नाही. प्रवेश घेण्याआधी संस्थेची मान्यता परिषदेकडे आणि मंडळाकडे, दोन्हीकडे पडताळून घ्यावी. फी भरल्यावर ती विचारण्यात अर्थ उरत नाही.