बंद पडलेला फ्रीजर आणि बर्फाची साक्ष

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावे बरेच दिवस विजेविना राहिली. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला सकाळी मुंबईची वीज अचानक गेली, पण बहुतेक भागांत ती काही तासांत परत आली. पहिल्या प्रसंगात फ्रीजरमधील मासे-मटण वाचण्याचा प्रश्नच उरला नव्हता. दुसऱ्यात दार बंद ठेवलेल्या, भरलेल्या फ्रीजरमधील काहीही टाकण्याची गरज नव्हती. या दोन टोकांच्या मधल्या परिस्थितीत मात्र निर्णय अवघड होतो आणि तो घेताना बहुतेक घरांत एकच कसोटी लावली जाते: वास घेऊन पाहणे. ही कसोटी अपुरी आहे. तिच्याहून कितीतरी भरवशाची साक्ष फ्रीजरमधील बर्फ देतो, आणि तो ती का देऊ शकतो हे समजून घेण्यासारखे आहे.

बर्फ वितळत असताना त्याला उष्णता मिळत राहिली तरी त्याचे तापमान वाढत नाही, हे आपण शाळेत अप्रकट उष्म्याच्या धड्यात शिकलेलो असतो. एक किलो बर्फाचे तापमान उणे 18 अंश सेल्सिअसपासून शून्यापर्यंत आणण्यास सुमारे 38 किलोज्यूल उष्णता पुरते, परंतु शून्य अंशाच्या त्याच बर्फाचे शून्य अंशाच्याच पाण्यात रूपांतर करण्यास 334 किलोज्यूल लागतात. ही जवळपास नऊ पट उष्णता तापमापकावर कोठेही दिसत नाही, कारण ती पाण्याच्या रेणूंना स्फटिकात जखडून ठेवणारे बंध सैल करण्यात खर्च होते. ग्लासगो विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी 1761 च्या सुमारास हे अतिशय साध्या प्रयोगाने दाखवले. त्यांनी एका काचपात्रात गोठणबिंदूच्या अगदी जवळ थंड केलेले पाणी आणि तशाच दुसऱ्या पात्रात तेवढाच बर्फ घेऊन दोन्ही पात्रे साधारण 8 अंश तापमानाच्या दालनात टांगली. पाणी अर्ध्या तासात सुमारे 4 अंशांनी तापले. बर्फाला वितळून त्याच तापमानाला पोहोचण्यास साडेदहा तास लागले. दोन्ही पात्रांना उष्णता जवळपास सारख्याच वेगाने मिळत होती, म्हणजे वीस अर्ध्या तासांची उष्णता बर्फाने तापमान न वाढवता गिळली होती. वाफेच्या इंजिनांपासून हवामानशास्त्रापर्यंत अनेक विषयांचा पाया असलेली ही कल्पना आपल्या स्वयंपाकघरात रोज काम करते.

आता हाच हिशेब फ्रीजरला लावू. त्यात 10 किलो अन्न असून त्याचा सत्तर टक्के भाग पाणी आहे, आणि वीज गेल्यावर बंद दारातून व भिंतींतून सेकंदाला सरासरी 35 ज्यूल, म्हणजे 35 वॅट उष्णता आत झिरपते, असे धरून चालू. उणे 18 पासून उणे 2 अंशांपर्यंत येण्यास या अन्नाला सुमारे 320 किलोज्यूल लागतील आणि तेवढी उष्णता अडीच तासांत आत येईल. त्यानंतर मात्र 7 किलो पाण्याचा बर्फ वितळवण्यास सुमारे 2340 किलोज्यूल हवेत, आणि त्यासाठी साडेअठरा तास जातील. या सगळ्या काळात अन्न शून्याच्या आसपासच राहते. भरलेला स्वतंत्र फ्रीजर दार न उघडता साधारण 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास पुरेसा थंड राहतो, हा अमेरिकेच्या कृषी खात्याचा प्रसिद्ध ठोकताळा याच भौतिकीतून आलेला आहे. एकदारी फ्रिजच्या वरच्या छोट्या बर्फाच्या कप्प्याला तो लावू नये. तेथे भिंती पातळ, माल थोडा आणि खालच्या कप्प्यातील हवा शेजारीच असते.

प्रत्यक्ष चित्र याहून थोडे गुंतागुंतीचे आहे, कारण अन्नातील पाणी शुद्ध नसते. त्यात क्षार, साखर आणि प्रथिने विरघळलेली असल्यामुळे गोठणबिंदू खाली जातो. शिवाय काही पाणी गोठले की उरलेले द्रावण अधिक दाट होऊन त्याचा गोठणबिंदू आणखी उतरतो. त्यामुळे उणे 18 अंशांनाही मांस-माशांतील साधारण एक-दशांश पाणी द्रवरूपच असते आणि वितळण्याची क्रिया एका बिंदूवर न होता काही अंशांच्या पट्ट्यात पसरते. भरपूर साखर असलेले आइस्क्रीम शून्याच्या बरेच खाली असतानाच सैल पडते, ते याच कारणाने. तरीही निष्कर्ष बदलत नाही: पाकिटाच्या आत बर्फाचे स्फटिक हाताला लागत असतील, तर बंद फ्रीजरमधील तो पदार्थ शून्याच्या फारसा वर गेलेला नाही आणि तो पुन्हा गोठवण्यास हरकत नाही. पोत थोडा बिघडेल, आरोग्याला धोका होणार नाही. ओट्यावर उघड्यावर ठेवलेल्या जाड तुकड्याला मात्र हे लागू नाही, कारण त्याचा गाभा गोठलेला असतानाही पृष्ठभाग खोलीइतका तापलेला असू शकतो.

बर्फ पूर्ण संपला की घड्याळ सुरू होते. मांस, मासे, दूध, पनीर, खवा आणि शिजवलेले अन्न 4 अंशांच्या वर दोन तासांहून अधिक काळ राहिले असेल, तर ते टाकून द्यावे. गोठवल्याने जीवाणू मरतात हा समज चुकीचा आहे. काही मरतात, पुष्कळसे फक्त थांबतात. प्रयोगशाळांत जीवाणूंचे नमुने वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्यासाठी ग्लिसरॉल घालून उणे 80 अंशांनाच साठवले जातात. 2015 ते 2018 या काळात हंगेरीतील एका कारखान्यात गोठवलेल्या मक्याच्या दाण्यांतून व भाज्यांतून लिस्टेरिया या जीवाणूचा संसर्ग युरोपातील पाच देशांत पसरला. 47 रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी 9 दगावले. तापमान वाढताच थांबलेली वाढ पुन्हा सुरू होते आणि तिचा वेग तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. रॅटकोव्स्की, ऑली या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाढीच्या वेगाचे वर्गमूळ तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढते. बर्फात ठेवलेल्या माशाच्या तुलनेत नासण्याचा वेग त्यामुळे 10 अंशांना चौपट, तर 20 अंशांना नऊपट होतो.

यावर "नीट उकळून घेऊ" हे उत्तर नेहमी ऐकू येते, आणि येथेच सर्वांत मोठी फसगत होते. उकळल्याने बहुतेक जीवाणू मरतात, पण त्यांनी आधीच तयार करून ठेवलेली विषे सगळीच नष्ट होत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूचे विष उकळत्या पाण्यातही टिकते. बांगडा, तारली, सुरमई, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल मोकळ्या स्वरूपात भरपूर असते आणि काही जीवाणूंचे विकर (एन्झाइम) त्याचे हिस्टामीन बनवते. हे विकर जीवाणू मेल्यावरही काम करत राहू शकते, आणि तयार झालेले हिस्टामीन ना गोठवल्याने जाते ना तव्यावर खरपूस तळल्याने. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंगावर पित्त उठणे, डोके दुखणे, छातीत धडधडणे अशी लक्षणे दिसतात आणि लोक ती माशाची अॅलर्जी समजतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात माशातील हिस्टामीनची सुरक्षिततेची मर्यादा किलोला 200 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेल्या माशाला वास येईलच असे नाही. हळद-मीठ चोळून ठेवल्याने मासा सुरक्षित राहतो, हाही गैरसमज आहे. खारवलेला बांगडा टिकतो तो पाणी ओढून घेणाऱ्या भरपूर मिठामुळे, चिमूटभर मिठामुळे नव्हे.

ग्रहण लागले म्हणून ताजे शिजवलेले निर्दोष अन्न टाकून देणारी किंवा त्यावर तुळशीचे पान ठेवून निश्चिंत होणारी घरे आजही आहेत. चंद्राच्या किंवा पृथ्वीच्या सावलीने अन्नात काहीही घडत नाही. दीर्घकाळ विजेविना राहिलेल्या फ्रीजरमध्ये मात्र खरोखर घडते, आणि त्याकडे दुर्लक्ष होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गणपतीला गावी गेलेले कुटुंब परतते, तेव्हा फ्रीजर चालू असतो आणि सगळे गोठलेलेही असते. मध्यंतरी वीज किती वेळ गेली होती हे मात्र ठाऊक नसते. अशा वेळी मटारचे पाकीट हातात घेऊन पाहावे. सुटे खुळखुळणारे दाणे एकसंध ढेकूळ झाले असतील, बर्फाच्या साच्यातील वड्या एकमेकींना चिकटून चपट्या झाल्या असतील, चिकनच्या पिशवीच्या तळाशी लालसर पाण्याचा थर गोठलेला असेल, तर सगळे एकदा वितळून पुन्हा गोठले आहे. गोठलेल्या पाण्यावर नाणे ठेवण्याची युक्ती समाजमाध्यमांवर फिरते. नाणे तळाशी गेले तर बर्फ पूर्ण वितळला होता एवढे ती सांगते, पण त्यानंतर तापमान किती चढले आणि किती वेळ, हे सांगत नाही. वितळणे नक्की आणि काळ अज्ञात, अशा स्थितीत मासे, मांस, खवा, खवलेले ओले खोबरे आणि शिजवलेले पदार्थ ठेवू नयेत. आंब्याच्या रसाला त्याच्या आंबटपणामुळे अधिक सवलत आहे. आंबूस वास, फेस किंवा बुरशी नसेल तर तो वापरता येतो.

वादळाचा इशारा आधी मिळतो, तेव्हा फ्रीजरमधील रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. वरच्याच हिशेबाने प्रत्येक लिटर बर्फ 35 वॅटच्या गळतीला अडीच तासांहून अधिक काळ पुरतो, म्हणजे एक लिटरच्या सहा बाटल्यांनी जवळपास सोळा तास वाढतात. बाटल्या काठोकाठ भरू नयेत, कारण गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते.