डायटमच्या कल्चरमागचं गणित: पार्श्वभूमी

कोळंबीचं बीज तयार करायचं तर आधी डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं एकपेशीय शैवाल, वाढवावे लागतात. झोइया या सुरुवातीच्या अवस्थेतल्या पिल्लांचं ते पहिलं अन्न. डायटमचं कल्चर, म्हणजे मुद्दाम वाढवलेला साठा, भराभर दुप्पट होत असतानाच वापरायचं, वाढ थंडावली की त्याचा कस उतरतो. म्हणून रत्नागिरीत मत्स्यशास्त्र शिकणाऱ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजून वाढीचा आलेख काढता यावा लागतो. या आलेखाच्या इतिहासातला एक धागा कोकण किनाऱ्यावरूनच जातो, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही याची मला खंत वाटते.

आधी वेगाने चढणारी आणि मग सपाट होणारी ही वक्ररेषा बेल्जियन गणितज्ञ व्हरहुल्स्टने 1838 मध्ये मांडली, पण माणसांच्या लोकसंख्येसाठी. ती जिवाणूंना लावून दाखवली 1911 मध्ये अँडरसन मॅकेंड्रिक आणि एम. केशव पै यांनी. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. दोघांची मांडणी अशी: वाढीचा वेग जिवाणूंच्या संख्येवर आणि शिल्लक अन्नावर ठरतो; अन्न संपत जातं तशी वाढ मंदावते. पुढे 1927 मध्ये कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथीच्या रोगांचं गणित मांडलं, तेव्हा ते ताडून पाहिलं मुंबईतल्या 1905-06 च्या प्लेगमधल्या मृत्यूंच्या आकड्यांवर.

माझ्या मते त्याहून मोलाचं काम 1926 चं. त्यात मॅकेंड्रिकने नुसती संख्या न धरता प्रत्येकाचं वयही समीकरणात आणलं. तेच समीकरण 1959 मध्ये फॉन फर्स्टरने पेशींसाठी मांडलं: पेशी दुभंगली की तिच्या जागी शून्य वयाच्या दोन येतात. 1967 मध्ये बेल आणि अँडरसन यांनी वयाला आकारमानाची जोड दिली.

दरम्यान फ्रेंच जीवशास्त्रज्ञ मोनोने 1940 च्या दशकात वाढीचा वेग आणि अन्नाचं प्रमाण यांचं सूत्र दिलं होतं. शैवालाला ते पुरेना. शैवाल पोषकद्रव्य आत साठवून ठेवतं आणि पाण्यातलं संपल्यावरही काही काळ वाढत राहतं. म्हणून 1968 मध्ये ड्रूपने वाढीचा वेग पेशीतल्या साठ्याशी जोडला.

डायटमच्या बाबतीत आकारमान तर सोडताच येत नाही. त्याचं सिलिकाचं कवच डबी आणि झाकणासारखं असतं. विभाजनात दोन्ही पिल्लपेशी जुना अर्धा भाग झाकण म्हणून घेतात आणि आतली डबी नवी घडवतात. त्यामुळे एक मूळ आकाराची राहते, दुसरी थोडी लहान. मॅकडोनाल्ड आणि फिट्झर यांनी हे 1869 मध्येच सांगितलं होतं. बऱ्याच जातींत पिढ्यांगणिक सरासरी आकार घटत जातो आणि सहसा लैंगिक प्रजननानंतरच पूर्ववत होतो. नुसत्या पेशी मोजून काढलेल्या आलेखात ही घट दिसत नाही.