गार्दोने व्हाल त्रोम्पिया

उत्तर इटलीत, ब्रेश्शा शहराच्या वरच्या अंगाला मेल्ला नदीकाठी वसलेले बंदूककारागिरांचे गाव. चिलखतांत मिलानचा दबदबा होता. बंदुकीच्या नळीत मात्र नाव या दरीचे.

दरीत लोखंडाच्या खाणी, उतारांवर कोळशासाठी जंगल आणि घण चालवायला नदीचे पाणी, असे सगळे हाताशी होते. लोहार लालबुंद पट्टी सळईभोवती वळवून तिच्या कडा ठोकून एकजीव करीत आणि मग नळी आतून कोरून गुळगुळीत करीत. सांधा कच्चा राहिला तर नळी बार उडवणाऱ्याच्याच तोंडाशी फुटे.

ब्रेश्शाचा मुलूख १४२६ मध्ये व्हेनिसकडे आला आणि मधली थोडी वर्षे सोडता १७९७ पर्यंत तिथेच राहिला. त्यामुळे मोठे गिऱ्हाईक घरचेच होते. १५२६ च्या ऑक्टोबरात व्हेनिसच्या शस्त्रागाराने इथल्या बार्तोलोमेओ बेरेत्ता या कारागिराला तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने बार उडवायच्या, बंदुकांच्या १८५ नळ्यांचे २९६ डुकाट (व्हेनिसचे नाणे) चुकते केले, म्हणजे नळीमागे १.६ डुकाट. बंदुका बनवणारी बेरेत्ता कंपनी आपले वय याच हिशेबावरून मोजते. एवढा माल पुरवणाऱ्याची भट्टी त्याआधीच पेटलेली असणार, हे उघड आहे.

सतराव्या शतकात मात्र बेरेत्तांपेक्षा कोमिनात्सो घराण्याचा लौकिक मोठा होता. त्यांच्या नळ्या हलक्या, पातळ आणि तरीही भरवशाच्या. ‘लाझारिनो कोमिनात्सो’ ही कोरीव सही इतकी खपाऊ ठरली की परमुलखातले कारागीर ती चुकीच्या अक्षरांत का होईना, आपल्या मालावर ठोकू लागले. पुढे आफ्रिकेत, अंगोलाच्या व्यापारात विकल्या जाणाऱ्या बेल्जियन बंदुकांनाच ‘लाझारिना’ म्हणू लागले!

विसाव्या शतकात बेरेत्ताचे १९३४ चे पिस्तूल इटालियन सैन्यात रूढ झाले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत नथुराम गोडसेने गांधीजींवर गोळ्या झाडल्या त्या याच जातीच्या पिस्तुलातून. १९८५ मध्ये अमेरिकी सैन्यानेही याच कंपनीचे ९ मिमी पिस्तूल निवडले.

नळी फुटण्याची धास्ती अजून गेलेली नाही. १९१० मध्ये स्थापन झालेल्या इथल्या चाचणीगृहात प्रत्येक बंदुकीतून नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवतात आणि ती टिकली तरच तिच्यावर शिक्का बसतो. त्या शिक्क्याशेजारी चाचणीचे वर्ष सांकेतिक अक्षरांत असते. जुनी बंदूक हाती आली की जाणकार आधी तेच शोधतात.