ठाण्यातील तलाव संवर्धन

ठाणे महानगरपालिका हद्दीतील तलाव, त्यांना मिळणारे ओढे-नाले आणि त्यांच्याशी जोडलेले भूजल टिकवण्यासाठी महापालिकेमार्फत होणारी कामे. गाळ काढणे, सांडपाणी अडवणे, पाण्यात प्राणवायू मिसळणे, काठ बांधणे, विसर्जनासाठी कृत्रिम तलाव उभारणे आणि छतावरचे पाणी जिरवणे, एवढे सगळे त्यात येते. यातले जे काम जमिनीखाली होते आणि डोळ्यांना दिसत नाही, तेच बहुतेक वेळा तलाव वाचवते.

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. हद्दीत आजही तीस-पस्तीस तलाव आहेत. शिलाहारांच्या काळात हे शहर श्रीस्थानक म्हणून ओळखले जाई. कोपिनेश्वर मंदिरासमोरचा मासुंदा तलाव, म्हणजे तलावपाळी, ही त्या जुन्या शहराची खूण. मासुंदा आता चहूबाजूंनी रस्त्यांनी वेढलेला आहे, तर उपवन येऊरच्या डोंगरपायथ्याशी आहे आणि त्याला डोंगरावरून उतरणारे पाणी मिळते. कचराळी, सिद्धेश्वर, रायलादेवी, आंबे घोसाळे, मखमली, हरियाली, कळवा-खारेगावकडचे तलाव यांचे पाणलोट आज बहुतांश इमारती आणि डांबर यांनी झाकलेले आहेत. केंद्र सरकारने 2001 साली सुरू केलेल्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत ठाण्यातील नऊ तलावांचा समावेश झाला होता. अतिक्रमणाखाली गेलेला उथळसर भागातला जोगिला तलाव महापालिकेने पुन्हा मोकळा केला, हे या कामातले एक मोलाचे उदाहरण.

सांडपाणी अडवणे

तलाव का मरतो, ते एका साध्या हिशेबात कळते. एक हेक्टर पसरलेला आणि सरासरी दोन मीटर खोल तलाव म्हणजे दोन कोटी लिटर पाणी. माणशी रोज 135 लिटर पुरवठा धरला, तर त्यातले सुमारे 80 टक्के सांडपाणी होते. पाच माणसांच्या कुटुंबाचे रोजचे 540 लिटर, शंभर कुटुंबांचे 54,000 लिटर, वर्षाचे जवळजवळ 1 कोटी 97 लाख लिटर. म्हणजे शंभर घरांची मोरी चुकून तलावाकडे वळली, तर वर्षभरात अख्ख्या तलावाएवढे सांडपाणी त्यात पडते. अशा तलावात जिवाणू सोडून पाणी शुद्ध करण्याची जैविक प्रक्रिया केली, तर महिनाभर वास जातो आणि पुढे सगळे पुन्हा मूळपदावर येते. आधी तोंड बंद करायचे, मग उपचार. हा क्रम उलटला की पैसा वाया जातो.

चोरटी जोडणी शोधायची सर्वांत खात्रीची वेळ म्हणजे एप्रिल-मे. पावसाळी गटाराच्या तोंडाशी भर उन्हात बारीक धार वाहत असेल, तर ते पावसाचे पाणी नव्हे. धारेत फेस असेल तर धुण्याचे पाणी, खालच्या दगडावर करड्या-पांढऱ्या बुरशीचे सुतासारखे झुपके असतील तर मैल्याचे. तिथून एकेक चेंबर उघडत वर जायचे. जिथे वरचे चेंबर कोरडे आणि खालचे ओले, तिथे मधल्या पट्ट्यात जोडणी सापडते. खात्री करायला संशयित इमारतीच्या मोरीत निरुपद्रवी रंग ओतून खाली पाहतात.

प्रत्येक जोडणी लगेच तोडता येत नाही. अशा वेळी गटाराच्या तोंडाशी वळण-चेंबर बांधतात. त्यात वीतभर उंचीचा उंबरा असतो: कोरड्या दिवसातली धार उंबऱ्याआधीच्या नळीतून मलवाहिनीत जाते, पावसाचा लोंढा उंबऱ्यावरून तलावात. रचना सोपी, पण नळीच्या तोंडाशी प्लास्टिक आणि चिंध्या अडकल्या की सगळी धार मुकाट तलावात जाते आणि वरून कुणाला पत्ता लागत नाही. आठवड्यातून एकदा चेंबर साफ करण्याची तरतूद कंत्राटात नसेल, तर ते बांधून उपयोग नाही. उंबरा जास्त उंच ठेवला, तर पावसाचे पाणी मलवाहिनीत शिरून रस्त्यावरची चेंबरे उसळतात.

गाळ, काठ आणि प्राणवायू

एक हेक्टरवर फूटभर, म्हणजे 30 सेंटिमीटर गाळ साचला, तर तो 3,000 घनमीटर होतो. सहा घनमीटरच्या डंपरने पाचशे खेपा. म्हणून हे काम जानेवारीत सुरू करून मेपर्यंत उरकावे लागते. पहिल्या पावसात अर्धवट उकरलेला गाळ ढवळला की मासे मरतात. ठाण्याखाली बेसाल्टचा खडक आणि त्यावर मुरूम आहे. तळाशी वर्षानुवर्षे बसलेला चिकणमातीचा थर पाणी धरून ठेवतो. पोकलेनने तो थर फोडून मुरुमापर्यंत खणले, तर तलाव उन्हाळ्यात पूर्वीपेक्षा लवकर आटतो. मूळ तळ कुठे आहे हे आधी चार-पाच ठिकाणी नळी ठोकून पाहावे. शहरी गाळात जड धातू असू शकतात, म्हणून तपासणीआधी तो बागेत टाकू नये.

काठाला सलग काँक्रीटची भिंत घातली की फिरायला ऐसपैस जागा मिळते, पण कडेने पाझरणारे पाणी थांबते आणि बेडकांना, पाणकोंबड्यांना उतरायला उतार राहत नाही. कोरडे दगडी पिचिंग, म्हणजे सिमेंटशिवाय उतारावर रचलेले दगड, आणि त्यापुढे लव्हाळे, वाळा, पाणकणीस यांचा पट्टा यांनी ही दोन्ही कामे होतात. या वनस्पती नत्र आणि स्फुरद शोषतात, मात्र त्या वेळच्या वेळी कापून बाहेर न्याव्या लागतात. कुजू दिल्या तर शोषलेले सगळे पाण्यात परत येते.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला चार मिलिग्रॅमखाली गेला की माशांना त्रास सुरू होतो. हिरवेगार शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तोच वापरते, म्हणून पातळी पहाटे सर्वांत खाली असते. दुपारी घेतलेला नमुना हमखास चांगला येतो आणि फसवतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात, तेही पहाटेच. शोभेचे कारंजे संध्याकाळी चालते आणि फक्त वरचा थर ढवळते. तळाशी नळ्या टाकून बारीक बुडबुडे सोडणारी यंत्रणा मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालवली, तर तिचा खरा उपयोग होतो.

विसर्जन

गणेशमूर्तींसाठी तलावाशेजारी कृत्रिम तलाव करण्याची पद्धत ठाण्याने बरीच लवकर स्वीकारली. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात मोडत नाही, तळाशी खडा होऊन बसते आणि रंगांतले धातू गाळात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने याबाबत 2010 मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आणि 2020 मध्ये त्या सुधारल्या. शाडू विरघळते, पण तीही मातीच. शेकडो मूर्ती एका छोट्या तलावात गेल्या तर गाळ वाढतोच, म्हणून शाडूच्या मूर्तींनाही कृत्रिम तलाव बरा. निर्माल्य वेगळ्या कलशात घेऊन त्याचे खत करतात. त्यातले थर्माकोल, दोरे आणि प्लास्टिकच्या माळा आधी हाताने काढाव्या लागतात. नवी मुंबईत गावठाणांच्या काही तलावांत जाळीत दगड भरलेली गॅबियन भिंत घालून विसर्जनाचा भाग वेगळा काढला आहे.

भूजल

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. ठाण्यात वर्षाला साधारण 2,500 मिलिमीटर पाऊस होतो. 300 चौरस मीटरच्या गच्चीवरून वीस टक्के तूट धरूनही सहा लाख लिटर मिळतात. ते सगळे जमिनीत जात नाही. कोकणात जुलैच्या अखेरीस मुरूम तुडुंब भरतो, शोषखड्डे उसळतात आणि उरलेले पाणी गटारात जाते. त्यामुळे इथे पहिला पर्याय साठवण आणि रोजच्या सफाईसाठी वापर, दुसरा जुनी विहीर भरणे, शेवटचा बोअर. पहिल्या सरींतले धुळीचे पाणी वेगळे सोडून, वाळू-खडीच्या गाळणीतून उरलेले आत घ्यावे. गाळणी मेमध्ये धुतली नाही, तर एका पावसाळ्यात ती चोंदते. खाडीकाठी बोअरमधून बेताबाहेर उपसा केला की खारे पाणी आत सरकते, आणि ते मागे हटायला फार वेळ लागतो.

नवी मुंबईतील धारण तलाव

नवी मुंबईची रचना वेगळी आहे. सिडकोने हे शहर वसवताना, काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्याने, खाडीकाठी धारण तलाव ठेवले. त्यांच्या तोंडाशी झडपा असतात. भरतीला खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते आणि पावसाचे पाणी तलावात थांबते; ओहोटीला ती आतल्या दाबाने उघडते आणि पाणी निघून जाते. बिजागरीत एखादे लाकूड किंवा गोणी अडकली की भरतीचे पाणी उलटे आत येते आणि सोबत गाळही. अशा गाळावर खारफुटी उगवली, धारणक्षमता घटली. खारफुटी संरक्षित असल्याने ती हात लावून काढता येत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागते. पुढे ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य भाग आहे, ज्याला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, त्यामुळे धारण तलावातून काय बाहेर जाते हेही मोजावे लागते. मुसळधार पावसाशी गाठ पडू शकेल अशा मोठ्या भरतीच्या तारखा भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावरून आधीच कळतात. झडपांची तपासणी अशा भरतीच्या आदल्या ओहोटीला करायची असते.